भिंतीवरचा शिपाई कोणाचा? जुन्या फौजी फोटोंना नाव-गाव लावण्याची रीत

फोटो लगेच खाली उतरवू नका. ज्या खिळ्याला तो टांगलेला आहे तिथंच, भिंतीसकट, मोबाइलवर त्याचे एक-दोन फोटो काढून ठेवा. तो देवघराच्या बाजूला आहे की पडवीत, शेजारी कोणाची फ्रेम आहे, काचेवर गंध-कुंकू लागलंय का, हार आहे का, हे सगळं त्यात यायला हवं. एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. विशीतल्या पोराच्या फोटोला हार आहे आणि त्याचा म्हातारपणाचा एकही फोटो घरात नाही, तर तो बहुधा लढाईवरून परत आलाच नाही. परत येऊन संसार करून गेला असता तर घरच्यांनी पिकल्या मिशांचा फोटो लावला असता.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझा स्टुडिओ होता. आता तो मुलगा बघतो. त्याचं काम पासपोर्ट साइज फोटो आणि कपांवर चेहरे छापण्याचं. पण जुनी फ्रेम काखेत मारून कोणी आलं की तो मलाच हाक मारतो. गिऱ्हाइकाचं म्हणणं ठरलेलं असतं, "काका, जरा साफ करून मोठा करून द्या." मी विचारतो, हा कोण? "आजोबांच्या वेळचे कोणीतरी मिलिट्रीत होते." साफ करणं आणि मोठा करणं हे शेवटचं काम. त्याआधी हा 'कोणीतरी' नाहीसा व्हायला पाहिजे.

नाव बायकांकडे असतं

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते आणि दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. मग पेडणे, डिचोली, सत्तरीच्या घरांत इंग्रजांच्या हिंदी फौजेतले शिपाई कसे, असं नवी पिढी विचारते. उत्तर सोयरिकीत आहे. आपल्या लग्नगाठी कधी सरहद्द बघून बांधल्या गेल्या नाहीत. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, खानापूर, बेळगाव या भागांतून मुली इकडे आल्या. तिकडची पोरं बेळगावात मराठा पलटणीत भरती होत होती. इकडचेही काही जण मुंबईला किंवा थेट बेळगावला जाऊन भरती झाले. पण माझ्या हाताखालून गेलेल्या फ्रेमांत जास्त करून नवऱ्याकडचा माणूस नसतोच. असतो तो आजीचा नाहीतर पणजीचा भाऊ. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत सासरी आलेला.

म्हणून घराण्याच्या वंशावळीत तो सापडत नाही. आडनाव वेगळं, गाव वेगळं, कुळदैवत वेगळं. घरातल्या पुरुषांना विचारलंत तर ते मान हलवतील. आजी, तिच्या नणंदा, आते, मावश्या, माहेरपणाला आलेल्या म्हाताऱ्या, यांना विचारा. आणि कागदाच्या आधी माणसांकडे जा. कागद अजून दहा पावसाळे काढील; नव्वदीतल्या आतेचं तसं सांगता येत नाही.

यासाठी चवथीसारखी दुसरी वेळ नाही. मूळ घरी सगळे जमलेले असतात, आरती होऊन पानं उठली की दुपारी बायका माजघरात लवंडतात. तेव्हा फोटो मध्ये ठेवा आणि गप्प बसा. "त्यांच्याबद्दल सांगा ना" असं म्हणालात की "बरा माणूस होता" एवढंच हाती लागतं. लहान, हाताला येतील असे प्रश्न विचारा. हा फोटो आधी कुठं लावलेला होता? हार कोण घालायचं, कुठल्या दिवशी? मनीऑर्डर कोणाच्या नावावर यायची? तो परत आला तेव्हा काय घेऊन आला? घोंगडी, लोकरीची बनियन, पत्र्याची ट्रंक, दाढीचा सेट, ॲल्युमिनियमचा मग, काहीतरी निघतंच. ट्रंकेच्या झाकणावर रंगाने नाव आणि नंबर लिहिलेला असायचा. ती ट्रंक अजून कोणाच्या माळ्यावर भाताचं बी ठेवायला वापरात असेल, तर तिचा आधी फोटो काढा. पलटणीतला नंबर म्हणजे अर्धं काम झालं.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण विचारून. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन मोक्याला कोणाचा तरी कॉल येतो. पंखा बंद करा. ऐकताना त्याचीच घरघर पुढे येते. सुरुवातीला तुम्हीच तारीख, गाव आणि बोलणारीचं पूर्ण नाव माहेरच्या आडनावासकट बोला. म्हातारी कोकणीत सांगत असेल तर कोकणीतच सांगू द्या. मराठीत लिहून काढायचं काम नंतरचं.

सत्तरीत एका घरी असाच बसलो होतो. मोठी फ्रेम, रुबाबदार शिपाई, आणि नव्वदीतली आते ठाम म्हणत होती, "हो आमचो बाबलो न्हय." घरचे हसले, म्हातारीला विसर पडतो म्हणाले. फ्रेमच्या मागच्या फळीत, दुमडून ठेवलेला, पलटणीचा ग्रुप फोटो निघाला. तो तिच्या मांडीवर ठेवला. तिने चेहरे बघितलेच नाहीत. खुर्च्यांवर बसलेल्यांचे हात बघत गेली आणि दुसऱ्या रांगेपाशी थांबली. "हो बघ. बोटां लिपयल्यांत." लहानपणी गवत कापताना विळ्याने त्याचं एक बोट तुटलं होतं, आणि फोटोत तो उजवी मूठ डाव्या हाताखाली झाकून बसला होता. बाकी सगळ्यांचे पंजे गुडघ्यांवर सरळ.

आतेचं बरोबर होतं, आणि फ्रेममधला माणूसही बाबलोच होता. हे कसं, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं.

मोठा फोटो खोटं बोलतो

भिंतीवरचे मोठे फोटो बहुतेक वेळा मूळ फोटो नसतातच. माणूस गेला, घरात त्याचा वेगळा फोटो नाही, मग ग्रुप फोटोतला अंगठ्याएवढा चेहरा स्टुडिओत नेऊन वाढवून घ्यायचे. वाढवल्यावर तो धूसर व्हायचा. मग आम्ही लोक ब्रश आणि पेन्सिल घेऊन बसायचो. भुवया काढायच्या, मिशीला टोक द्यायचं, गालावरचे देवीचे व्रण घालवायचे, गणवेशाची कॉलर रंगवायची, घरच्यांनी सांगितलं तर छातीवर एखादं पदकही. शेवटी जो उभा राहायचा तो सख्ख्या बहिणीला ओळखू येऊ नये यात नवल ते काय?

रंगवलेला फोटो ओळखायची खूण सोपी आहे. खालच्या कोपऱ्यांकडे बघा. शेजारच्या माणसाचा खांदा किंवा बाहीचा तुकडा राहून गेलेला असतो, किंवा त्या जागी पार्श्वभूमी एकदम ढगाळ केलेली असते. भिंग लावून डोळ्यांकडे पाहिलं तर ब्रशचे फटकारे दिसतात. असा फोटो मिळाला तर तो ज्या ग्रुप फोटोतून काढला तो शोधा. भावकीत कोणाकडे तरी असतो. आणि त्याच्या खालचा पुठ्ठा, ज्यावर पलटणीचं नाव, ठिकाण आणि साल छापलेलं असतं, तो फ्रेममध्ये बसवायला कापून टाकलेला नसला म्हणजे मिळवली. कापायची सवय आपल्याकडे फार. पुठ्ठ्याशिवायचा ग्रुप फोटो म्हणजे नुसती टोप्यांची रांग.

आता मोबाइलमधली ॲप हेच काम आमच्यापेक्षा जोरात करतात. चेहरा 'सुधारतात' म्हणजे दुसऱ्याच कोणाचे तरी डोळे आणून लावतात. रंग भरतात ते तर निव्वळ अंदाजाने. जुन्या फिल्मला बऱ्याचदा लाल रंग दिसतच नसे. कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर यायचं आणि निळं फिकट पडायचं. अशा फोटोत पदकाच्या फितीचे रंग ओळखणं मलाही जमत नाही, ॲपला कुठून जमणार? हौस म्हणून रंगीत कॉपी जरूर करा, पण तिच्यावर 'रंग नंतर भरलेले' असं लिहा. मूळ स्कॅनला हात लावू नका.

फ्रेम उघडताना

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. पावसात फ्रेम उघडू नका. हवेतली ओल लगेच कागदात शिरते.

टेबलावर जाड टॉवेल पसरून फ्रेम पालथी घाला. मागच्या बारीक चुका (खिळे) पकडीने एकेक सरळ वर ओढा, पटाशीने उचकटू नका. फळी निघाली की खाली बहुधा वर्तमानपत्र लागेल. ते फेकून दिलंत तर हातचा पुरावा घालवलात. पोर्तुगीज असेल, मराठी असेल, मुंबईचं असेल. त्यावरची तारीख बघा. फ्रेम त्या तारखेच्या आधी झालेली नाही एवढं त्यावरून नक्की ठरतं, आणि कागद कुठला यावरून फ्रेम कुठं झाली तेही कळतं.

पाऊस, समुद्राची हवा आणि उदबत्तीचा धूर यांनी पुष्कळ फोटो काचेला चिकटलेले असतात. चिकटला असेल तर थांबा. ओढू नका, वाफ देऊ नका, पाण्यात घालू नका, ब्लेड तर मुळीच नको. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. एकदा काचेला धरला की चेहरा काचेवर आणि कोरा कागद तुमच्या हातात. काचेसकटच स्कॅन करा किंवा फोटो काढा आणि काचेसकटच ठेवून द्या.

सुटा निघाला तर मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. झालं. ओला कापूस नको, स्पिरिट नको, थुंकी तर नकोच (हसू नका, मी बघितलंय). फाटलेल्या तुकड्यांना सेलोटेप लावू नका; काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग आत मुरतो. तुकडे एका पाकिटात ठेवा, जोडकाम स्कॅनवर करता येतं. लॅमिनेशनचं नाव काढू नका. एका दुकानदाराने 'कायमचा टिकेल' म्हणून एकांचा १९४० च्या दशकातला मूळ फोटोच प्लॅस्टिकमध्ये गरम करून बसवला. आता तो ना सोडवता येतो, ना मागचं काही वाचता येतं.

पदकं असतील तर ती चिंचेने घासून लखलखीत करू नका. कडेवर किंवा पाठीमागे शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असू शकतं, घासून घासून तेच जातं. टॉर्च तिरका धरून कड वाचा.

आधी पाठ, मग चेहरा

फोटोच्या पाठीवर जे आहे ते समोरच्या बाजूपेक्षा जास्त खरं असतं, कारण तिथं कोणी ब्रश चालवलेला नसतो. पाठ स्कॅन करा, मोठी करून बघा, पुसट पेन्सिल असेल तर खिडकीजवळ कागद तिरका धरून वाचा.

स्टुडिओचा शिक्का सापडला तर नशीब उघडलं. बेळगाव, पुणे, मुंबईचा शिक्का म्हणजे बोटीवर चढण्याआधी काढलेला फोटो. तसा तो बहुतेक जण काढून घरी धाडत. कैरो, अलेक्झांड्रिया, हैफा, बगदाद, बसरा असं काही असेल, किंवा अक्षरं अरबी वा इटालियन असतील, तर तो सुटीच्या दिवशी तिकडच्या स्टुडिओत जाऊन बसला होता. मागचा रंगवलेला पडदा, तो संगमरवरी कठडा आणि बागेतली फुलदाणी, सगळीकडे सारखीच. पडद्यावरून देश ठरवायला जाऊ नका. पुष्कळ फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेले असत, पाठीवर पत्त्याच्या रेघा आणि तिकिटाचा चौकोन असलेले. तिथं सेन्सॉरचा शिक्का किंवा फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर दिसला तर तो लिहून घ्या.

पत्रात ठिकाणाचं नाव लिहायची शिपायाला मनाई होती. पण पत्त्यातली इंग्रजी अक्षरं बरंच सांगून जातात. दुसऱ्या महायुद्धातल्या कागदावर सी.एम.एफ. असेल तर सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, म्हणजे आपल्या कामापुरतं इटली. एम.ई.एफ. म्हणजे मिडल ईस्ट फोर्सेस, तिथं मिसर (इजिप्त), लिबियाचं वाळवंट हा सगळा पट्टा येतो. पायफोर्स म्हणजे इराण-इराक. एस.ई.ए.सी. म्हणजे साउथ ईस्ट एशिया कमांड, ब्रह्मदेशाची बाजू. पहिल्या महायुद्धाच्या कागदांवर आय.ई.एफ. आणि पुढे एक अक्षर असतं. ए म्हणजे फ्रान्स, बी म्हणजे पूर्व आफ्रिका, डी म्हणजे मेसोपोटेमिया (आजचा इराक), ई म्हणजे मिसर. म्हाताऱ्या बायका 'बसऱ्याक गेल्लो' म्हणतात तो हा डी.

मग चेहऱ्याकडे, म्हणजे खरं तर बाहीकडे वळा. एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर एक तारा जमादार, दोन तारे सुभेदार. टोपीवर किंवा बिल्ल्यावर बिगुल दिसला की लगेच 'मराठा लाइट इन्फंट्री' असं लिहून मोकळे होऊ नका, कारण बिगुल दुसऱ्याही पलटणींकडे होता. बाहीवर डिव्हिजनचं कापडी चिन्ह असेल तर ते जास्त कामाचं. झेपावणारा गरुड चौथ्या हिंदी डिव्हिजनचा, भरीव गोळा पाचव्याचा, तीन पानफुलं आठव्याची. मराठ्यांची पहिली बटालियन इटलीत याच आठव्या डिव्हिजनमध्ये होती.

घरात सांगितलेली गोष्ट आणि फोटो जुळतात का, हेही तपासा. 'इटलीत कैदेत होता' असं घरचे सांगतात आणि नातवांना ते खरं वाटत नाही. पण मराठ्यांची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा पकडली गेली होती आणि तिथल्या कैद्यांना समुद्रापार इटलीत नेलं गेलं. तसंच पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली आणि पुढे पुष्कळ शिपाई कैदेत मेले. 'तो वाळवंटात चालून चालून मेला' अशी एखादी वाक्यभर आठवण कोणी सांगितली तर ती भाकडकथा म्हणून सोडून देऊ नका.

नावाचा शोध

परत न आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी नेटवर फुकट बघता येते. तिच्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू आहेत. त्या तारखांबाहेर गेलेला किंवा घरी परत आलेला माणूस तिथं मिळणार नाही, तेव्हा उगाच रात्री जागवू नका.

शोधायची युक्ती अशी. पूर्ण नाव टाकू नका. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलंय. सावंत डब्ल्यूनेही असेल, व्हीनेही असेल. गवसचा गावस झालेला असेल. पलटणीच्या नावातला मराठा तेव्हा आजच्यासारखा लिहीत नसत. एम, ए, एच, आर, ए, आणि मग टी दोनदा. नुसतं आडनाव आणि पलटण टाकून यादी काढा, मग बापाचं नाव आणि गाव जुळवा. 'अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, सावंतवाडी' अशी माहिती पुष्कळ नोंदींत दिलेली असते. इथंच आतेने सांगितलेलं माहेरचं गाव उपयोगी पडतं. नुसत्या आडनावावर शंभर सावंत निघतात, गावाने एक उरतो.

नोंद मिळाली की पुढचा प्रश्न घरच्यांचा असतो, थडगं कुठं आहे? आपल्या माणसाला तिकडे बहुधा अग्नी दिला गेला, म्हणून थडगं नसतं, नाव स्मारकावर असतं. इटलीत सांग्रो नदीच्या आणि फोर्लीच्या दफनभूमीत अशा दहन झालेल्या हिंदी सैनिकांची वेगळी स्मारकं आहेत, कासिनोच्या स्मारकावरही नावं आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडलेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचं नाव कासिनोलाच आहे. बसऱ्याच्या स्मारकाचं मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तिथं साध्या हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नव्हती, पलटणीपुढे नुसते आकडे होते. गोऱ्यांची नावं आणि आपल्यांचे आकडे, हे त्या कमिशननेच २०२१ च्या अहवालात कबूल केलं. नोंदणीतून नाव सापडू शकतं, भिंतीवर शोधून सापडत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावलाच आहे. नंबर, हुद्दा, बटालियन हाताशी असेल तर नात्याचा पुरावा जोडून पत्र घाला. 'आमचे आजोबा मिलिट्रीत होते, माहिती द्या' अशा पत्राला कोण काय उत्तर देणार? जुन्या मराठी वर्तमानपत्रांसाठी पणजी शहरात पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, तारीख अंदाजाने तरी घेऊन.

कोकणातल्या काही गावांत पहिल्या महायुद्धानंतर लावलेला दगड असतो. गावातून किती माणसं लढाईला गेली आणि किती मेली हे त्यावर कोरलेलं असतं. आजीच्या माहेरगावी गेलात तर जुन्या चावडीपाशी, शाळेपाशी नजर फिरवा. गोव्यात असे दगड मी पाहिले नाहीत, आणि इथला इतिहासही वेगळ्या वळणाचा. १८९५ साली पोर्तुगीजांनी इथल्या मराठा शिपायांना लढायला मोझांबिकला धाडायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी समुद्रापार जायला नकार देऊन बंड केलं आणि ते सत्तरीच्या राणे घराण्याला जाऊन मिळाले. त्यांचे फोटो कुठून असणार? पण सत्तरीत एखादी म्हातारी 'आमचा पणजा आफ्रिकेला गेला नाही' असं अभिमानाने म्हणाली तर ते या बंडाचं बोलणं असू शकतं. तेही लिहून घ्या.

स्कॅन आणि साठवण

छोट्या फोटोला ६०० डीपीआय, पासपोर्टपेक्षा लहान असेल तर १२००. कृष्णधवल फोटोही रंगीत सेटिंगवरच स्कॅन करा, पिवळेपणा आणि शाईचा रंग त्यात राहतो. टिफमध्ये एक मूळ फाइल ठेवा, वाटायला जेपेग करा. पुढची बाजू, पाठ आणि पुठ्ठा, तिन्ही. स्कॅनर नसेल तर सकाळी दारात, ऊन येत नाही अशा जागी फोटो सपाट ठेवून मोबाइल बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद. काच असेल आणि तुमचंच प्रतिबिंब पडत असेल तर काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून कॅमेरा बाहेर काढा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा चोथा होऊन पोचतो. फाइलला नाव देताना साल, माणूस, माहेरचं गाव. साल अंदाजे असेल तर तसं लिहा. एक कॉपी घरात, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

मूळ फोटो पीव्हीसीच्या पाकिटात नको. नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात ॲसिड-फ्री कागद विचारा. कपाट घराच्या आतल्या भिंतीला असावं, बाहेरच्या भिंतीला पावसात पाझर लागतो. वरचा खण चालेल, माळा नको, तिथं उन्हाळ्यात भट्टी होते. जमिनीवरच्या ट्रंकेत तर नकोच. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि श्रावणात एकदा उघडून बघा. डांबरगोळ्या लुगड्यांना ठीक, फोटोंना नाहीत. कसर आणि वाळवीची भीती असेल तर स्वच्छता आणि कोरडेपणा हेच औषध.

भिंतीवर कॉपी लावा, मूळ आत ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो. आणि आजी म्हणते, कागदाच्या झेरॉक्सला मी हार घालू? मग तिच्या हयातीत मूळच राहू दे. फक्त फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला म्हणजे चिकटणार नाही, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत वारा खेळेल. कुंकू काचेवर, फोटोवर नाही.

श्रीलंकेचे अल्बम

'जुने' म्हटलं की लोकांना काळे-पांढरेच आठवतात. मला जास्त काळजी १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलेल्यांच्या रंगीत फोटोंची वाटते. ते चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, वर प्लॅस्टिक, आणि तांबूस पडत चाललेत. नखाने उचकटू नका. दातांसाठीचा फ्लॉस फोटोच्या खालून हळू करवतीसारखा सरकवा. नाहीच सुटला तर पान आहे तसं स्कॅन करा. निगेटिव्हची पाकिटं कुठं आहेत ते विचारा, बऱ्याचदा त्या प्रिंटपेक्षा बऱ्या असतात.

यांचा मोठा फायदा हा की माणूस स्वतः समोर आहे. साठी ओलांडलेला असेल, संध्याकाळी देवळाच्या सोप्यावर बसत असेल. अल्बम घेऊन त्याच्याकडे जा आणि एकेका फोटोत कोण कोण आहे तेवढंच विचारा. जेवण काय मिळायचं, पाणी कुठून आणायचे, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, इथपर्यंत तो आपणहून येईल. 'किती मारले' असं पोरं विचारतात; त्यांना बाहेर पाठवा. तो एखाद्या फोटोवर थांबला आणि पान उलटलं नाही, तर तुम्हीही थांबा. त्या मोहिमेत अकराशेहून जास्त जवान गेले, त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात आहेत. त्या फोटोतला एखादा त्यांच्यातला असू शकतो.

पाठीवर काय लिहायचं

बॉलपेन नको, मार्कर नको. मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता नाव, बापाचं नाव, माहेरचं गाव, आणि सांगणारी कोण ते. 'अंदाजे' हा शब्द लिहायला लाजू नका. दोघी बहिणींनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा, कोणी कुठलं सांगितलं ते धरून. नवीन चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथं पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला.

पत्रं आणि फोटो फेसबुकवर टाकण्याआधी त्या माणसाच्या घरच्यांना विचारा, म्हणजे आजीच्या माहेरच्यांनाही. बायकोला लिहिलेलं पत्र आहे, त्यात उधारी-उसनवारी आहे, कोणाची तक्रार आहे. कोणी फौजेतून पळून आला असेल, कोणाची कैदेतली हकिगत घरात कधी बोललीच गेली नसेल. आणि घरातलं कोणी आज नोकरीत असेल तर त्याचे पोस्टिंगवरचे फोटो नेटवर अजिबात टाकू नका. तेही याच रीतीने नाव, तारीख लिहून डब्यात ठेवा. माहेरच्या घरी एक प्रिंट धाडायला विसरू नका. तिकडे त्या शिपायाचा एकही फोटो नसतो, कारण होता तो एकुलता एक तर तुमच्या आजीने आणला.